बावन्न मिलीमीटरचं गाढव

आम्पारो नोयोला ही माणसाचा चेहरा बघते ती खालून वर. आधी हनुवटी, मग जबड्याचे दोन कोपरे, आणि वेळ उरलाच तर डोळे. नावं तिच्या लक्षात राहत नाहीत. एकदा भाजीच्या दुकानात एका बाईने तिला कडकडून मिठी मारली आणि म्हणाली, "ओळखलं नाहीस ना?" आम्पारोने दोन पावलं मागे सरून तिला बाजूने न्याहाळलं आणि म्हणाली, "ओळखलं की. उजवीकडची नस जरा वरून जाते, ती तूच." ती बाई पुढे बरेच दिवस दुसऱ्या दुकानातून टोमॅटो घेत होती.

लॉस आल्गोदोनेसमध्ये अशी माणसं निपजणारच. गाव देशाच्या उत्तर सरहद्दीला टेकलेलं. चार रस्ते, एक चर्च, आणि दाताचे दवाखाने इतके, की ते मोजायला निघालेल्या माणसाला तिसऱ्या-चौथ्यालाच कोणीतरी हाताला धरून "या साहेब, तपासणी फुकट" म्हणत आत नेतं. उन्हाळ्यात गाव ओस असतं. नोव्हेंबर लागला की उत्तरेकडचे म्हातारे बर्फाला कंटाळून वाळवंटात उतरतात, सकाळी सरहद्द ओलांडून येतात, नवे दात बसवतात आणि दुपारी परतीच्या रांगेत उभे राहतात. त्या रांगेत त्यांना भूक लागते. गावाचा सगळा संसार या दोन गोष्टींवर चालतो.

डॉक्टर एवारिस्तो बुस्तामान्ते यांच्या दवाखान्यात आम्पारो सव्वीस वर्षं आहे. सुरुवातीला ती फरशी पुसायची आणि काळ्या डब्यात हात घालून दाताच्या इवल्याशा फिल्मा धुवायची. सोळा वर्षांपूर्वी जबड्याचा घनफोटो, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे, काढणारं यंत्र आलं, ते शिकवायला मेहिकालीहून एक माणूस दोन दिवस आला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला परत पाठवताना आम्पारोने त्याची एक चूक सुधारली. तेव्हापासून ते यंत्र तिचं.

काम सोपं दिसतं. माणसाने दागिने काढायचे, कवळी काढायची, हनुवटी टेकावर ठेवायची, आणि यंत्राचा हात डोक्याभोवती एक फेरी मारेस्तोवर पुतळा व्हायचं. "श्वास चालू, थुंकी बंद," असं आम्पारो सांगते. मग पडद्यावर हाडं उभी राहतात. खालचा जबडा वरून पाहिला तर घोड्याच्या नालासारखा. पण कुणाचा नाल रुंद, कुणाचा चिमटलेला, कुणाचा एका बाजूला कललेला. त्या नालावर ती माउसने एक वळणदार रेघ ओढते आणि पाव कापावा तसे त्याचे काप काढते. काप रेघेला काटकोनात हवा. जरा तिरका गेला की हाड आहे त्यापेक्षा जाड दिसतं, आणि डॉक्टर त्या नसलेल्या हाडात स्क्रू बसवायला जातात. सोळा वर्षांत तिचा एकही काप तिरका गेलेला नाही. हे तिने कधी कुणाला सांगितलेलं नाही, कारण विचारलंच नाही कोणी.

दर सोमवारी पहिल्या रुग्णाच्या आधी ती यंत्राची परीक्षा घेते. त्यासाठी कंपनीने एक प्लास्टिकचा ठोकळा दिला होता. तो पहिल्याच वर्षी हरवला. आम्पारो वापरते ते गाढव.

म्हणजे गाढवाचा खालचा जबडा. तिचे वडील क्रेसेन्सिओ खाली दक्षिणेला, कोस्ता चिकाच्या किनाऱ्यावर, मेलेल्यांच्या दिवसांत सैतानांच्या नाचाला हा जबडा वाजवायचे. मुठीने एक ठोसा दिला की सुकलेल्या हाडातले सैल दात खुळखुळतात. काठी फिरवली की करकरतात. वडील गेले, आणि भावांनी जमीन घेतली, गायी घेतल्या. आम्पारोला विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, गाढव. भावांना तिची कीव आली. ती जबडा टोपलीत घालून तीन दिवसांचा बसप्रवास करून उत्तरेला परत आली, आणि आता तो दवाखान्यात कपाटातल्या तिसऱ्या फळीवर स्पिरिटने पुसून ठेवलेला असतो. यंत्रात त्याचा पुढचा अर्धाच भाग मावतो. तेवढा पुरतो. पहिल्या दाढेखाली हाडाची उंची बावन्न मिलीमीटर. सोळा वर्षं, दर सोमवारी, बावन्न. गाढव हलत नाही, थुंकी गिळत नाही आणि दुखलं का विचारावं लागत नाही. आम्पारोच्या मते असा रुग्ण दुसरा झाला नाही.

आता ओब्दुलिया.

ओब्दुलिया रांगेपाशी तमाले विकते. मक्याच्या पिठाचे, मक्याच्याच पानात गुंडाळून वाफवलेले; डुकराचे लाल आणि चीज-मिरचीचे हिरवे. तिच्या मुलीची आम्पारो धर्ममाता, त्यामुळे दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. हे नातं रक्ताच्या नात्याहून अवघड, कारण ते आपण होऊन घेतलेलं असतं आणि मोडायला कुठलंच कारण पुरेसं नसतं. ओब्दुलिया तीस वर्षं हाळी देऊन तमाले विकत आली. तिचा "तमाऽऽले" दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा आणि रांगेतले म्हातारे भाषा कळत नसूनही खिशात हात घालायचे.

आणि हिच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही. गावात सगळ्या जगाला दात मिळतात, पण गावातल्याच माणसाची पाळी शेवटी येते. ओब्दुलियाची खालची कवळी दहा वर्षांत सैल होत गेली, कारण दात गेले की हाडही हळूहळू निघून जातं, घरातला कर्ता गेल्यावर नातेवाईक जातात तसं. गेल्या डिसेंबरात एका कॅनडाच्या जोडप्यासमोर तिने हाळी दिली, आणि 'ले' म्हणताना कवळी तोंडातून सुटून सरळ वाफेच्या भांड्यात. जोडपं सभ्य होतं. त्यांनी चार हिरवे घेतले आणि भांड्याच्या दुसऱ्या बाजूचे मागितले.

तेव्हापासून ओब्दुलियाने हाळी बंद केली. पुठ्ठ्यावर 'तमाले' असं लिहून ती शेजारी उभी राहू लागली. तोंड मिटून.

"पुठ्ठा वाचायला माणसं थांबत नाहीत गं," ती आम्पारोला म्हणाली. "आणि मीही कुणाला न ओरडता विकलेलं नाही. घशात साचतं सगळं. परवा तर घरी नवऱ्यावर ओरडले, त्याचा काही दोष नसताना."

"दोष काय, शोधला असतास तर सापडला असता."

"तेच. पण शोधायला वेळ लागतो. हाळीला नाही लागत."

उपाय ठरलेला होता. पुढच्या हाडात, हनुवटीच्या वर, दोन स्क्रू रोवायचे. तीन महिने हाड त्यांना धरू द्यायचं. मग कवळी त्यांच्यावर बटणासारखी टच्चकन बसते आणि दातओठ खाऊन ओरडलं तरी हलत नाही. ओब्दुलियाच्या मनात तारीखही ठरलेली होती. दोन फेब्रुवारी, कान्देलारियाचा दिवस. त्या दिवशी अख्खा देश तमाले खातो. जानेवारीत सणाच्या पावात भाजलेली बाहुली ज्याच्या कापात निघाली, त्याने त्या दिवशी सगळ्यांना तमाले खिलवायचे असतात, आणि तो माणूस ऐन वेळी धावत कुणाकडे येतो, तर जिची हाळी आधी कानावर पडते तिच्याकडे. तीन महिने मागे मोजले तर स्क्रू नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांतच बसायला हवे. नंतर उत्तरेचे म्हातारे आले की डॉक्टरांची वही मार्चपर्यंत भरते.

म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी ओब्दुलिया यंत्रात हनुवटी टेकून उभी राहिली.

"हलायचं नाही," आम्पारो म्हणाली.

"देवाचं नाव घेतलं तर चालेल?"

"मनात."

पहिल्या फेरीला ओब्दुलियाने ते मनात घेतलं, पण ओठांसकट. पडद्यावर तिला दोन हनुवट्या आल्या.

"कोमाद्रे, एकच पुरते," आम्पारो म्हणाली, आणि दुसऱ्यांदा घेतलं.

दुसरा फोटो स्वच्छ आला. आम्पारोने रेघ ओढली, काप काढले. ओब्दुलियाच्या जबड्याचा नाल रुंद, देखणा होता, पण वरची कड झिजून सुरीच्या पात्यासारखी झाली होती. अशा पात्यात स्क्रू धरत नाही. जिथे हाडाची जाडी सहा मिलीमीटर भरते तिथपर्यंत खाली यायचं आणि तिथून तळापर्यंत मोजायचं. डॉक्टरांचा नियम साधा होता: अकराच्या खाली असेल तर नाही. दहाचा स्क्रू, एक वरकड. या नियमाने डॉक्टरांचे हात चाळीस वर्षं स्वच्छ राहिले होते.

पडद्यावर आकडा आला अकरा पूर्णांक एक.

आम्पारोने पुन्हा मोजलं. अकरा एक. पुन्हा. अकरा शून्य. पुन्हा. अकरा दोन. तिने कागद छापायला सोडला.

डॉक्टर बुस्तामान्ते पडद्यावर विश्वास ठेवत नाहीत. ते यंत्राच्या विरुद्ध नाहीत. यंत्र त्यांनीच घेतलं. पण त्यांना प्रत्येक काप कागदावर, खऱ्या मापात, एकास एक छापून लागतो, आणि त्यावर ते आपला पितळी व्हर्नियर ठेवून स्वतः मोजतात. तो व्हर्नियर त्यांच्या लोहार आजोबांचा. "पडद्यावरचा आकडा मोजणाऱ्याच्या मनासारखा येतो," असं ते म्हणतात. "कागदाला मन नसतं."

सध्या ते जरा उदासही होते. तीन आठवड्यांपूर्वी जुना प्रिंटर शाई ओकून मेला, नवा आला, आणि त्याच सुमाराला डॉक्टरांच्या लक्षात आलं की लोकांची हाडं बारीक होत चालली आहेत. पूर्वी दहात एकाला परत पाठवावं लागे, आता चौघांना. डॉक्टरांनी यावर विचार करून एक सिद्धान्त मांडला होता: थंड पेयं. बाटलीतला तो काळा गोड काढा हाडातला चुना शोषून घेतो, आणि पन्नास वर्षं पिणाऱ्यांची पिढी आता यंत्रापर्यंत पोचली आहे. त्यांनी दवाखान्यातल्या फ्रिजमधून बाटल्या काढायला लावल्या. स्वागतकक्षात बसणारी नेरेइदा तेव्हापासून आपली बाटली टाचणवह्यांच्या खणात ठेवते.

डॉक्टरांनी ओब्दुलियाच्या कागदावर व्हर्नियर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा ठेवला.

"दहा पूर्णांक चार. नाही जमणार."

"पडद्यावर अकरा एक आहे, डॉक्टर."

"कुणी मोजलं?"

"मी."

डॉक्टर चांगले गृहस्थ आहेत. ते हसून म्हणाले, "तुझी कोमाद्रे ना ती? मग ठीक आहे. हात सैल सुटणं माणसाचंच लक्षण आहे, आम्पारो. मी काही रागावलो नाही."

त्यांनी रागवायला हवं होतं. रागावले असते तर तिला उलट बोलता आलं असतं. ती आपल्या खोलीत जाऊन बसली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिला आपल्या उजव्या हाताची शंका आली. माउसचा बाण हाडाच्या कडेला टेकवायचा असतो. कड म्हणजे काही रेघ नव्हे; पांढऱ्यातून करडं होत जाणारी एक धूसर पट्टी. त्या पट्टीत नेमकं कुठे थांबायचं, हे बोट ठरवतं. आणि बोट तिचं होतं, जे ओब्दुलियाच्या मुलीने बाप्तिस्म्याच्या वेळी मुठीत घट्ट धरलं होतं.

तिने आणखी सात वेळा मोजलं. मग कोमाद्रेपणाचे दोन दशांश प्रामाणिकपणे वजा केले. दहा नऊ आले. आता ती डॉक्टरांशी सहमत झाली होती, आणि तिला मुळीच बरं वाटत नव्हतं.

संध्याकाळी तिने रांगेपाशी जाऊन ओब्दुलियाला सांगितलं.

"कितीने?" ओब्दुलियाने विचारलं.

"अर्ध्या मिलीमीटरने. जरा जास्तच."

"म्हणजे केवढं?"

आम्पारोने मक्याच्या पानाची कड दाखवली. अशी पानं चार-पाच एकावर एक.

ओब्दुलियाने पानाकडे पाहिलं. "एवढ्यासाठी? मी तमाल्याला दुसरं पान गुंडाळते ते याच्याहून जाड असतं. हाडाला काही खायला घालता येतं का? पोपटाला समुद्रफेस देतात तसं?"

"नाही गं."

"तू मोजलंस ना पण?"

"मीच मोजलं."

"मग बरोबरच असणार," ओब्दुलिया म्हणाली आणि पुठ्ठा सरळ केला. आम्पारोला वाटलं, हिने दोन शिव्या दिल्या असत्या तर रात्री जेवण गेलं असतं.

शनिवारी मेलेल्यांची वेदी मांडायची होती. दरवर्षी आम्पारो वडिलांसाठी गाढव घरी आणते. वडिलांचा फोटो, झेंडू, पाण्याचा पेला, दारूचा त्याहून लहान पेला, साखर भुरभुरलेला पाव, आणि मधोमध जबडा. या वर्षी तिने आणखी एक गोष्ट करून घेतली होती. वडिलांना जन्मभर एक कोडं होतं. जबड्यातले सगळे दात खुळखुळतात, पण डावीकडची तिसरी दाढ गप्प. ते तिला 'सासूबाई' म्हणायचे. फोटोत कारण स्पष्ट दिसत होतं: त्या एका दाढेची मुळं आत आकड्यासारखी वळली होती, ती हाड सोडायला तयार नव्हती. आम्पारोने शुक्रवारी कामं संपल्यावर गाढवाची बाजूची आकृती खऱ्या मापात छापून घेतली. सोळा वर्षांत गाढवावर पहिल्यांदाच कागद खर्च झाला. मेलेली माणसं वर्षातून एकदा येतात, तर त्यांना उत्तर तयार असावं.

ओब्दुलिया दुपारी झेंडूची टोपली घेऊन आली. राग धरलेला नाही हे दाखवायला बारा तमाले आणले होते. थोडा धरलेला आहे हे दाखवायला सगळे बिनसारणाचे.

"हे काय?" तिने कागद उचलून पाहिला.

"सासूबाईचं कारण. बाबांना दाखवायचंय."

"मग असा पालथा काय ठेवतेस? जबडा त्याच्यावर ठेव. म्हणजे म्हाताऱ्याला कळेल कुठली दाढ कुठे ते. चष्मा कुठे आहे त्याच्यापाशी?"

आम्पारोने कागद वेदीवर पसरला आणि जबडा त्यावर आडवा ठेवला. पुढचे दात पुढच्या दातांवर. मग मागची बाजू जुळवली, तर पुढची सरकली. पुढची जुळवली, तर मागची दाढ कागदावरच्या दाढेच्या पुढे निघून गेली.

ओब्दुलिया मान वाकडी करून बघत होती. "तुझं गाढव फुगलंय की काय?"

"फोटो आहे गं तो. थोडं इकडंतिकडं..." आम्पारो म्हणाली आणि थांबली. कारण कागदाच्या डोक्यावर 'खरं माप, एकास एक' असं छापलेलं होतं, आणि हाड तर चारी बाजूंनी कागदावरच्या चित्राबाहेर डोकावत होतं.

तिच्या ॲप्रनच्या खिशात पोलादी पट्टी कायम असते. चर्चलाही ती तशीच जाते. तिने पहिल्या दाढेखाली हाड मोजलं. बावन्न. कागदावर तीच जागा मोजली. एकोणपन्नासालाही केसभर कमी.

तिने जमिनीवर बसकण मारली.

"काय झालं? छातीत दुखतंय?"

"कोमाद्रे," आम्पारो म्हणाली, "हे गाढव माझं कोण लागतं?"

"तुझ्या बापाचं होतं."

"तसं नव्हे. मी याच्या कुणाची धर्ममाता वगैरे आहे का? याच्यासाठी माझा हात सैल सुटेल का?"

"तुला ऊन लागलंय," ओब्दुलियाने निदान केलं आणि वडिलांच्या वाट्याचा पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला.

सोमवारी सकाळी आम्पारो टोपलीत जबडा घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली. डॉक्टर हात धूत होते. तिने टेबलावर कागद ठेवला, त्याच्या शेजारी गाढव, आणि गाढवाच्या शेजारी डॉक्टरांच्या आजोबांचा व्हर्नियर.

"मी मोजत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच मोजा."

डॉक्टरांनी कागद मोजला. मग हाड मोजलं. मग कागद. मग व्हर्नियरचे दात मिटून शून्यावर येतात का ते पाहिलं, कारण आजोबांवर संशय घ्यायचा तर तो नीट घ्यावा. मग पुन्हा हाड. हे तीन वेळा झालं. गाढव शांत होतं.

"नेरेइदा!" डॉक्टरांनी हाक मारली.

नेरेइदा आली. टेबलावर जबडा बघून तिने छातीवर क्रूस काढला. प्रिंटरबद्दल विचारल्यावर मात्र तिचा चेहरा उजळला. तीन आठवडे कुणीतरी कौतुक करील म्हणून ती थांबली होती.

"मीच लावून दिलं ते, डॉक्टर. नवा आला तेव्हा पानांच्या कडा कापल्या जात होत्या. कुणाची हनुवटीच अर्धी, कुणाचं नाव अर्धं. इतकं घाणेरडं दिसायचं! मग मला तिथे एक चौकोन सापडला, 'पानात बसवा' म्हणून. त्यावर खूण केली. तेव्हापासून कसे छान चारी बाजूंना समास सोडून येतायत, बघा ना."

डॉक्टरांनी कागदाच्या छान समासावरून बोट फिरवलं.

"पानात बसवलं," डॉक्टर म्हणाले.

"हो ना."

"कशाने बसलं असेल ते, नेरेइदा?"

नेरेइदाने आम्पारोकडे पाहिलं, मग जबड्याकडे. तिच्या हनुवटीचा रंग उडाला. आम्पारोला ते आधी दिसलं. "लहान होऊन?" नेरेइदा म्हणाली.

कडेला एक बारीक मोजपट्टीही दर पानावर छापलेली असते. तिच्यावर एकदा व्हर्नियर ठेवला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण तीही बिचारी बाकीच्यांबरोबर आकसली होती, आणि घरात स्वतःचं पितळ असताना छापील पट्टीकडे बघायची डॉक्टरांना कधी गरज पडली नव्हती. शंभराचे चौऱ्याण्णव. गावातली सगळी हाडं तीन आठवडे शंभराची चौऱ्याण्णव झाली होती. त्यात काळ्या काढ्याचा काही हात नव्हता.

नेरेइदाने चौकोनातली खूण काढली. ओब्दुलियाचा काप पुन्हा छापला. पान ओंगळ आलं. उजवीकडे नावातलं शेवटचं अक्षर कापलं गेलं. डॉक्टरांनी व्हर्नियर ठेवला, चष्मा कपाळावर घेतला, खाली घेतला.

"अकरा पूर्णांक एक," ते म्हणाले.

आम्पारोने मनातल्या मनात वजा केलेले दोन दशांश परत घेतले.

डॉक्टर बुस्तामान्ते माफी मागत नाहीत. त्यांच्या पिढीत ती शिकवलेली नव्हती. त्यांनी व्हर्नियर रुमालाने पुसला, पेटीत ठेवला, पेटी मिटली आणि म्हणाले, "गुरुवारी सकाळी आठला कोमाद्रेला बोलाव. उपाशीपोटी नको, चांगलं खाऊन यायला सांग." मग दारापाशी वळून म्हणाले, "आणि यापुढे सोमवारी या गृहस्थांचंही एक पान छापत जा. मी मोजीन." गृहस्थ म्हणजे गाढव.

तीन आठवड्यांत उगाच परत पाठवलेल्या नऊ जणांना नेरेइदाने स्वतः फोन केले. तिघे येतो म्हणाले. सहा जणांनी तोवर समोरच्या दवाखान्यात दात बसवून घेतले होते, आणि त्यातल्या एका बाईने आवर्जून सांगितलं की तिकडच्या डॉक्टरांनी तिच्या हाडाची तारीफ केली. हे डॉक्टरांना कोणी कळवलं नाही. फ्रिजमध्ये बाटल्या मात्र परत आल्या. कशा, ते त्यांनी विचारलं नाही.

गुरुवारी ओब्दुलिया आठच्या ऐवजी सातला आली. खुर्चीत मागे रेलताना म्हणाली, "डॉक्टर, तुमच्याविरुद्ध माझ्या मनात काही नाही. गाढवाने सांगितल्यावर ऐकलंत, हेही काय कमी आहे!" डॉक्टरांनी तिच्या तोंडात भुलीची सुई जरा लवकरच दिली.

स्क्रू धरले. डिसेंबरात आम्पारोने फोटो घेतला तेव्हा हाड त्यांच्या अंगाशी बिलगून बसलेलं दिसलं. ओब्दुलिया या खेपेला ओठसुद्धा न हलवता उभी राहिली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कवळीला बटणं बसली. ती टच्चकन लागल्याचा आवाज आला तेव्हा ओब्दुलियाने डोळे मोठे केले, पण बोलली काही नाही. घरी गेली. दोन दिवस नवऱ्यावरही ओरडली नाही. नवरा काळजीत पडून आम्पारोकडे विचारायला आला, काही बिघडलं तर नाही ना.

"साठवतेय ती," आम्पारो म्हणाली.

दोन फेब्रुवारीला सकाळी साडेनऊला यंत्रात कॅनडातल्या मनिटोबाहून आलेले एक गृहस्थ हनुवटी टेकून उभे होते. वय एक्याऐंशी, जबडा रुंद, हाड उत्तम. आम्पारोने त्यांना श्वास चालू, थुंकी बंद हे हातवाऱ्यांनी समजावलं होतं, आणि ते पुतळ्यासारखे स्तब्ध होते. यंत्राचा हात निघाला, अर्ध्या वाटेवर आला.

आणि दोन गल्ल्या पलीकडून, बंद खिडकीतून, शिशाचा थर घातलेल्या भिंतीतून आवाज आत आला: "तमाऽऽऽऽले! लाल, हिरवेऽऽ, तमाऽऽऽऽले!"

गृहस्थ दचकले. पडद्यावर त्यांना दोन हनुवट्या आल्या.

आम्पारोने दार उघडून त्यांची माफी मागितली आणि पुन्हा उभं राहायला सांगितलं. त्यांनी नाकाने हवा हुंगली आणि खुणेने विचारलं की आधी ते जे काही आहे ते खाऊन आलं तर चालेल का. चालेल, आम्पारो म्हणाली. मग ती वहीपाशी बसली. दुसऱ्यांदा फोटो घ्यावा लागला तर वहीत कारण लिहायची पद्धत आहे. तिने तारीख घातली, गृहस्थांचं नाव पानावर पाहून उतरवलं, आणि सव्वीस वर्षांच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं: रुग्ण हलला. कारण, तमाले.

लिहून झाल्यावर ती पेन हातात धरून थोडा वेळ बसून राहिली. पुढच्या हाळीसाठी.